जलसंजीवनीचा हिशेब

लग्नघरी पाहुण्यांना निरोप देताना प्रत्येकाच्या हाती एक नारळ व एक सुपारी ठेवण्याची चाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. समजा, एखाद्या मोठ्या कार्यासाठी शेकडो नारळ आणि तितक्याच सुपाऱ्या आणावयाच्या आहेत. पण मोजत बसण्यास कोणालाच सवड नाही. घरातील जाणती आजी अशा वेळी काय करील? ती एक नारळ तागडीत घालील आणि त्याच्या भारंभार किती सुपाऱ्या बसतात ते पाहील. साठ बसल्या, की हिशेब संपला. वाण्याकडून एक किलो सुपारी व साठ किलो नारळ आणा. एकही नग न मोजता दोहोंची संख्या जवळजवळ सारखी भरेल.

श्रोतेहो, रसायनशास्त्रात ज्याला मोलर वस्तुमान म्हणतात, आणि जुन्या क्रमिक पुस्तकांतून जे ग्रॅम-रेणुभार या नावाने येत असे, त्याचे सारे मर्म आजीच्या या युक्तीत आहे. अणू आणि रेणू एकमेकांशी व्यवहार करतात तो नगांनी. एकास एक, दोनास एक असा. आपल्या हाती मात्र तराजू आहे, आणि तराजूला नग कळत नाहीत, वजन तेवढे कळते. या दोन भाषांमधला दुभाषा म्हणजे मोलर वस्तुमान.

हायड्रोजनचा एक अणू जर एक भार धरला, तर कार्बनचा अणू सुमारे बारा भार भरतो आणि ऑक्सिजनचा सोळा. यावरून आजीचाच निष्कर्ष निघतो: एक ग्रॅम हायड्रोजन, बारा ग्रॅम कार्बन व सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखीच असली पाहिजे. या ठरावीक संख्येला मोल म्हणतात. जसे बाराला डझन म्हणावे, तसे सहाच्या पुढे तेवीस शून्ये मांडून जी संख्या होईल, साधारण तितक्या नगांना एक मोल म्हणावयाचे. १९६१ पासून अणुभारांची तुलना कार्बन-१२ या अणूशी करण्यात येते. आणि २० मे २०१९ पासून तर मोलमधील नगांचा आकडा आंतरराष्ट्रीय संमतीने कायमचा निश्चित झाला आहे.

ही गोष्ट आज सोपी वाटते. पण ती जुळून यावयास अर्धशतक लागले. डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एकच अणू मानला होता. नगच चुकीचे धरल्यामुळे ऑक्सिजनचा भारही निम्मा येत असे. आव्होगाड्रोने १८११ मध्ये, समान उष्णतामान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणू समान असतात, असे सांगून वाट दाखविली होती. परंतु तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कान्निझारोने तीच वाट पुन्हा उजेडात आणली, आणि मग अणुभारांचा गोंधळ हळूहळू निवळला.

आता कृती पाहू. संयुगाच्या एका रेणूत कोणकोणते अणू किती आहेत हे त्याच्या सूत्रावरून कळते. प्रत्येकाच्या संख्येला त्याच्या अणुभाराने गुणावे आणि बेरीज करावी, इतकेच. ग्लुकोज घ्या. त्यात कार्बनचे सहा अणू, हायड्रोजनचे बारा व ऑक्सिजनचे सहा. सहा गुणिले बारा ७२; बारा गुणिले एक १२; सहा गुणिले सोळा ९६. बेरीज १८०. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोज हा त्याचा एक मोल. आपले खाण्याचे मीठ त्याहूनही सोपे: सोडियम २३, क्लोरीन साडेपस्तीस, मिळून साडेअठ्ठावन्न. हा अर्धा कोठून आला, असे कोणी विचारील. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ व ३७. पहिले सुमारे तीन तर दुसरा एक, या प्रमाणात. त्यांची सरासरी साडेपस्तिसाच्या जवळ येते.

या बेरजेवर काय अवलंबून असते, ते एका प्रसंगाने सांगतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीजवळच्या बनगाव येथे त्यांच्यात पटकीची साथ पसरली. पटकीत आतड्यांतून पाणी व क्षार इतक्या वेगाने वाहून जातात की काही तासांत माणूस दगावतो. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रुग्णांना तोंडाने पाजण्यास आरंभ केला. पाजणारे बहुधा रुग्णांचे नातेवाईकच होते. आधी शंभरांत सुमारे तीस रुग्ण मरत होते. ते प्रमाण चारांच्या आत आले.

नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी का चालले नसते? त्याचे उत्तर रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडलेल्या विचारात आहे. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने आत घेतले जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. येथे पुन्हा नारळ-सुपारीचाच प्रश्न आला. सोबत ही नगांची असते, ग्रॅमांची नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये मान्य केलेली जलसंजीवनीची पुडी आता उघडून पाहू. एक लिटर पाण्यासाठी तिच्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. हे आकडे वाचून काहीच बोध होत नाही. ते कोणी सहज घेतले असावेत असेच वाटते. पण प्रत्येकास त्याच्या मोलर वस्तुमानाने भागा. साडेतेरा भागिले १८०, म्हणजे ०.०७५ मोल, मोलच्या हजाराव्या भागाला मिलिमोल म्हणतात, तेव्हा ग्लुकोज ७५ मिलिमोल. मीठ २.६ भागिले ५८.५, म्हणजे ४५ च्या किंचित खाली. सायट्रेटचा रेणू २९४ भारांचा. त्याचे दहा मिलिमोल होतात. परंतु त्याच्या एकेका रेणूत सोडियमचे तीन अणू असतात, म्हणून त्यातून सोडियम येते तीस. पंचेचाळीस आणि तीस, पंचाहत्तर!

वजन पाहाल तर १३.५ ग्रॅम ग्लुकोजसमोर सोडियम पावणेदोन ग्रॅमही नाही. एक दुसऱ्याच्या जवळजवळ आठपट. मोजणीत मात्र दोघे अगदी बरोबरीचे. तराजूला जे कधीच दिसले नसते, ते एका भागाकाराने उघड झाले.

येथे एक सावधगिरी हवी. रसायनशास्त्र शिकविताना विद्यार्थ्यांची जी चूक वर्षानुवर्षे दिसते, ती बेरजेची नसते. स्फटिकातले पाणी विसरण्याची असते. ग्लुकोज दोन रूपांत मिळते, एक निर्जल आणि दुसरे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू बाळगणारे. दोन्ही पांढरी, दोन्ही गोड. पण दुसऱ्याचे मोलर वस्तुमान १८० अधिक १८, म्हणजे १९८. ते साडेतेरा ग्रॅमच घातले, तर ७५ ऐवजी ६८ मिलिमोलच मिळतील. ७५ हवे असतील तर सुमारे १४.८५ ग्रॅम घातले पाहिजे. सायट्रेटचे २९४ हेही त्यातील पाण्याचे दोन रेणू धरूनच आहेत. म्हणून बाटलीवरील नाव पुरते वाचल्याखेरीज बेरजेला हात घालू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती प्रत्येक घरासाठी आहे. ग्लुकोज ७५, सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. या साऱ्यांची बेरीज लिटरमागे २४५ मिलिमोल होते. आपल्या रक्तद्रवात अशा विरघळलेल्या कणांची गणती लिटरमागे सुमारे २९० आहे. द्रावण रक्ताहून पातळ राहिले, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज जाते. आता एखादी मायाळू आई, औषध दाट असले तर गुण लवकर येईल अशा समजुतीने, लिटरची पुडी अर्ध्याच लिटरात घालते. पुडीतले मोल तेच राहिले, पाणी निम्मे झाले; गणती ४९० वर गेली. द्रावण रक्ताहून दाट झाले, की पाणी उलट शरीरातून आतड्याकडे ओढले जाते. ज्या पेल्याने मूल सावरावयाचे, त्याच पेल्याने ते अधिक सुकते. म्हणून पुडीवर जितके पाणी लिहिले आहे तितकेच घ्यावे. अंदाजाने नव्हे, मापाने.

शाळेच्या फळ्यावर रेणुभाराची गणिते सोडविताना, या गुणाकार-बेरजांचा संसारात उपयोग काय, असे पुष्कळांच्या मनात येऊन गेले असेल. त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या लहानशा पुडीत आहे. आजी तागडीपुढे बसून नारळ न मोजताही प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक नारळ व एक सुपारी पडेल याची खात्री करून घेते. पुडी बांधणाराही, ज्यांना कधी कोणी पाहिले नाही अशा रेणूंची तशीच जोडी लावून देतो. त्याचे काम त्याने चोख केले आहे. एक लिटर पाणी नीट मोजून घेणे, एवढेच आपल्याकडे उरते.