खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे?

बुद्धिबळातल्या घोड्याने अडीच घरे चालावे, हा नियम कोणाच्या मालकीचा? कोणाच्याच नाही. प्रताधिकार नियमाच्या कल्पनेवर नसतो, तो ज्या शब्दांत लिहिला त्या शब्दांवर असतो. आमच्या होमिओपॅथीत अर्निका कोणताही परवानाधारक कारखाना बनवू शकतो. दुसऱ्याचे लेबल मात्र लावू शकत नाही. तसेच हे.

तरीही अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. यात एक जण कथेचा सूत्रधार, बाकीचे त्यातली पात्रे. काय साधले, काय फसले, हे फासे ठरवतात. नियम इतके, की पुस्तकेच्या पुस्तके भरावीत. त्यामुळे नियम कुठे संपतो आणि लेखन कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण. आणि छोट्या प्रकाशकाला कोर्टकचेरी परवडत नाही.

ही धास्ती 2000 साली मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने 'ओपन गेम लायसन्स' देऊन दूर केली. नियमांचा ठरावीक मजकूर घ्या, त्यावर आपली पुस्तके छापा, विका, रॉयल्टी नको. हिशेब सरळ होता: इतरांची पुस्तके वाढली, की मूळ पुस्तकाचा खपही वाढतो. 2008 साली चौथ्या आवृत्तीला कंपनीने कडक परवाना लावला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्याच खुल्या नियमांवर 2009 साली 'पाथफाइंडर' हा वेगळा खेळ उभा केला.

जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा, आणि वर्षाला 7,50,000 डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर 25 टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची! जुन्या कागदात 'कायमस्वरूपी' हा शब्द होता. 'मागे न घेता येणारा' हा नव्हता. सारा वाद त्या फटीतून शिरला. खेळाडू खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन सुमारे 400 पानांचा नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. त्या परवान्यात तो राहिलेला शब्द आहे. वापरणाऱ्याने फक्त श्रेय द्यायचे.

हे आपल्याही कामाचे आहे. घरातला जुना लेखसंग्रह आपण एखाद्या मंडळाला छापायला देतो. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार, करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. दिलेले दान परत मागू नये, हे आपण घरीच शिकतो. पण आपल्यामागून येणाऱ्यांसाठी ते कागदावरही स्पष्ट लिहून ठेवावे.