गाळ माणसाला गिळत नाही

पूर ओसरला की वाई-कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत कृष्णाकाठी तीच गोष्ट पुन्हा ऐकू येते: गाळात पाय पडला की गाळ माणसाला खाली ओढतो आणि डोकं बुडेपर्यंत सोडत नाही. शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. कृपा करून हे थांबवा. याच भीतीने रुतलेला माणूस हातपाय झाडतो आणि आणखी अडकतो.

गाळाला ओढण्याची शक्ती नसते. प्रश्न घनतेचा आहे. पाणी मुरलेल्या रुतणवाळूची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते, माणसाच्या शरीराची जवळपास पाण्याइतकीच. त्यामुळे कमरेच्या आसपास शरीर तरंगू लागतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे डॅनियल बॉन आणि सहकारी यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रयोगानिशी मांडलं. अशी वाळू स्थिर असेपर्यंत घट्ट असते, हलवली की पातळ होते, पाय आत जातो. मग वाळूचे कण तळाशी बसून पायाभोवती आवळतात. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने पाय ओढून काढायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागतं, असा त्यांचा हिशेब आहे. खरा धोका इथे आहे: माणूस बुडत नाही, पण अडकतो आणि तेवढ्यात नदीचं पाणी चढू शकतं.

‘जेवढं जड तेवढं खोल’ हेही अर्धंच खरं. वजन किती जागेवर पसरलंय ते महत्त्वाचं. म्हणून फळीवर उभा राहिलेला माणूस तरतो आणि म्हशीचा खूर भसकन आत जातो.

जड वस्तू गाळात कायम खाली जात राहते? नाही. खालचे थर बहुधा जास्त दबलेले असतात. भार पेलणारा थर लागला की ती थांबते.

नदीत किंवा समुद्रात पडलेला दगड आपल्या वजनानेच गडप होतो असंही नाही. प्रवाह त्याच्या भोवतीची वाळू उकरतो, दगड त्या खड्ड्यात बसतो आणि पुढून आलेली वाळू त्याला झाकते.

रुतलात तर मागे रेला, हात पसरा, पाय हळूहळू हलवत राहा, म्हणजे त्याभोवती पाणी शिरेल. रुतलेल्या जनावराच्या गळ्याला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू नका, मान मोडते. अडकलेल्या माणसाला काढायला गाळात उडी घेऊ नका; फळी सरकवा आणि ११२ ला फोन करा.