दिव्यांच्या पाटीचा हिशेब आधी मांडा

दुकानाच्या दर्शनी भागावर रंग बदलणारी, अक्षरे सरकवणारी दिव्यांची पाटी आता हौशी विद्यार्थीही घरी तयार करतात. व्यापारी बंधूंनी असे काम सांगण्यापूर्वी मालाची रचना समजून घेतली, तर पैसे वाया जाणार नाहीत. म्हणून ही थोडी माहिती.

अशा पाटीत बहुधा डब्ल्यूएस २८१२ बी जातीचे एलईडी असतात. प्रत्येक दिव्याच्या पोटात लाल, हिरवा व निळा असे तीन बारीक दिवे आणि एक चिप असते. आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाकडून एकाच तारेने संदेश येतो. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो व उरलेले पुढे धाडतो. दुसराही तेच करतो. हमालांच्या रांगेत प्रत्येकाने एक गठ्ठा ठेवून घ्यावा व बाकीचे पुढच्याकडे द्यावेत, तसा हा प्रकार. म्हणूनच मधल्या एका दिव्याची चिप गेली, की त्याच्या पुढची सारी रांग बंद पडू शकते.

१६ बाय १६ च्या पॅनेलमध्ये २५६ दिवे असतात. बहुतेक तयार पॅनेलांत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, तर दुसरी उजवीकडून डावीकडे जाते. मागावर धोटा बाणा घेऊन जातो-येतो, अगदी तसेच. प्रोग्रॅममध्ये याची नोंद केली नाही, तर एकाआड एक ओळ उलटी पडून अक्षरे वाचता येत नाहीत. प्रत्येक दिव्याला ३ बाइट, म्हणजे एका पॅनेलला ७६८ बाइट स्मृती लागते. आर्डुइनो उनोत ती एकूण २०४८ बाइट आहे. तेव्हा तीन पॅनेलांसाठी मोठा बोर्डच घ्यावा.

खरी चूक होते ती विजेच्या हिशेबात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलीअँपिअर वीज घेतो. २५६ दिव्यांचे झाले १५ अँपिअरहून अधिक, ५ व्होल्टवर. संगणकाच्या साध्या यूएसबीतून मिळतात जेमतेम ०.५ अँपिअर! बोर्डामधून एवढी वीज ओढल्यास बोर्ड जळतो. बारीक तारा तापून आगीचा धोका संभवतो. म्हणून ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा घ्यावा, तारा जाड वापराव्यात, फ्यूज बसवावा आणि पॅनेलला दोन्ही टोकांनी वीज द्यावी. नाहीतर दूरच्या टोकाचा पांढरा रंग लालसर दिसू लागतो. बोर्ड व पुरवठा यांची ऋण तार एकत्र जोडलीच पाहिजे. संदेशाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रोधक घालावा. प्रोग्रॅममध्ये प्रकाश एक चतुर्थांशावर ठेवल्यास सुमारे ४ अँपिअरमध्ये भागते, आणि दुकानाच्या आत तेवढा उजेड पुरतो.

घेताना पॅनेल लाल, हिरवा व निळा असे तिन्ही रंगांत लावून पाहावे. थानातला दोष कात्री लावण्यापूर्वीच शोधायचा असतो. पाटी भिंतीवर चढवण्यापूर्वीही तोच नियम पाळावा.