पक्षाघातानंतर व्यायाम : किती, केव्हा आणि कसा?

पक्षाघाताचा (लकव्याचा) रुग्ण घरी सोडताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, व्यायाम रोज किती वेळ करायचा?" काहींना वाटते, जितका जास्त तितके चांगले. काही जण रुग्णाला त्रास नको म्हणून खाटेवरून उठूच देत नाहीत. दोन्ही टोके चुकीची आहेत.

व्यायामाने नेमके काय होते?

रक्तपुरवठा थांबल्याने मेंदूच्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. मात्र आजूबाजूच्या निरोगी भागात नवीन जोडण्या तयार होऊन त्या कामाचा काही भार उचलला जातो. या जोडण्या पुन्हा पुन्हा तीच हालचाल केल्याने पक्क्या होतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. नंतर तो मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही.

पहिले 24 तास घाई नको

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अॅव्हर्ट' अभ्यासात पाच देशांतील 2104 रुग्ण होते. पहिल्या 24 तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्या रुग्णांचे निकाल, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा थोडे कमीच चांगले आले. म्हणून रुग्णाला केव्हा बसवायचे, उभे करायचे, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

नंतर मात्र वेळ वाढवा

प्रकृती स्थिर झाल्यावर चित्र बदलते. ब्रिटनच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, झेपणाऱ्या रुग्णाला आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास थेरपी द्यावी. यात चालणे, हाताचे काम, बोलणे हे सगळे आले. सलग तीन तास करायचे नाहीत. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मध्ये विश्रांती, असे दिवसभरात विभागा.

फिजिओथेरपिस्ट लांब असेल तर?

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रोज घाट उतरून नंदुरबारला येणे कुणाला शक्य आहे? मग घरच्यांना शिकवले तर पुरेल का? हाच प्रश्न भारतातील 'अटेंड' अभ्यासाने तपासला. 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवला. 2017 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता.

याचा अर्थ घरचा व्यायाम निरुपयोगी, असा मी घेत नाही. सुट्टीच्या वेळी एकदा शिकवून भागत नाही, असा घेतो. शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टला दाखवा, व्यायाम तपासून घ्या आणि पुढची पायरी शिका. रोजचा सराव मात्र घरीच होणार आहे.

घरी काय करावे?

• नुसता हात वर-खाली करण्यापेक्षा कामाचा सराव द्या : पेला उचलणे, डाळ निवडणे, सदऱ्याची बटणे लावणे.
• खाटेवरून उठणे-बसणे दिवसातून अनेकदा. कमजोर बाजूला माणूस उभा हवा.
• जे रुग्णाला जमते, ते तुम्ही करू नका. सुनेने भरवलेला घास मायेचा असतो, पण हात जड झालेल्या आजीने स्वतः उचललेला घास हा उपचार असतो.
• किती वेळा केले, हे वहीत लिहा. पुढच्या भेटीत ती वही दाखवा.

हे टाळा

कमजोर हात धरून रुग्णाला ओढू नका. खांदा निखळू शकतो. जोरात मालीश नको. गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाने पाणी-अन्न देऊ नका.

छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे असे काही झाल्यास व्यायाम लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा नव्याने कमजोरी आली, तर थांबू नका, 108 ला फोन करा. रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

रुग्ण रडतो, व्यायाम नको म्हणतो, तेव्हा त्याला आळशी ठरवू नका. पक्षाघातानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येते आणि त्यावर उपचार आहेत. ते सुरू झाले की व्यायामालाही बळ येते.