सोळा पाय सारखे, म्हणून चिप तीच असं नाही

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना काकांचा १६के झेडएक्स स्पेक्ट्रम सापडला. काका आखातात होते तेव्हाचा. पुसून टीव्हीला जोडला, तर चालू झाला! मग काकांनी एक कॅसेट काढली. तिच्यात आंबापेट्यांच्या हिशोबाचा प्रोग्रॅम होता, पण तो मित्राच्या ४८के मशीनवर लिहिलेला. आमच्याकडे लोड करताना 'आऊट ऑफ मेमरी'. साहजिकच आहे, १६के पैकी ६९१२ बाइट्स नुसता पडदाच खातो आणि बेसिकला उरतात जेमतेम ९के.

म्हटलं, मेमरी वाढवू. बोर्डावर आठ चिपांच्या जागा रिकाम्याच होत्या. (शेजारी चार लॉजिक चिपांच्याही: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२, एक ७४एलएस००. त्या सहज मिळतात.) घोळ झाला तो मेमरीच्या चिपांचा, आणि तो माझाच.

आधीपासून बसवलेल्या आठ चिपा ४११६ जातीच्या, १६के बिटांच्या. मला वाटलं त्या काढून थेट ६४के बिटांच्या ४१६४ लावू. दोन्हींना सोळा पाय, आकारही तोच. नशीब, सोल्डरिंगच्या आधी डेटाशीट उघडली. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात आणि तिच्या ८ नंबरच्या पायावर १२ व्होल्ट येतात. ४१६४ ला त्याच पायावर ५ व्होल्ट हवेत. म्हणजे आठही चिपा मी स्विच दाबल्याबरोबर जाळल्या असत्या. रिकाम्या जागांवर मात्र नुसते ५ व्होल्ट आहेत, तिथे ४१६४ ची जात चालते. चिप चालेल का, याचं उत्तर चिपेइतकंच ती कुठल्या जागी बसणार यावरही असतं.

आता गंमत. सिंक्लेअरने या जागांवर बहुतेकदा ३२के च्या ४५३२ लावल्या. ही वेगळी बनवलेली चिप नव्हेच. ६४के चीच चिप, पण तिचा अर्धा भाग सदोष निघालेला, म्हणून स्वस्त! कुठला अर्धा चांगला हे नावाच्या शेवटच्या अंकावरून कळतं, एनएल३ किंवा एनएल४. बोर्डावरची तारेची जोडणी त्याप्रमाणे करायची. ही जोडणी आठांना मिळून एकच. प्रत्येक चिप बाइटचा एकेक बिट सांभाळते, त्यामुळे एक जरी दुसऱ्या जातीची आली तरी प्रत्येक बाइटमधला तो बिट बेभरवशाचा. मी मागवलेल्या आठांत पाच एनएल३ आणि तीन एनएल४ निघाल्या. जाहिरातीत फक्त '४५३२' लिहिलं होतं, मीही विचारलं नव्हतं.

शेवटी पूर्ण चांगल्या ४१६४ घेतल्या, म्हणजे अर्ध्याचा प्रश्नच मिटला. तरी एक गोष्ट बघावी लागते, रिफ्रेश. या चिपा बिट साठवतात ते इवल्याशा कपॅसिटरमध्ये, तो गळका, दर काही मिलिसेकंदांनी भरावा लागतो. झेड८० प्रोसेसर हे काम स्वतः करतो, पण त्याचा रिफ्रेशचा मोजणारा ७ बिटांचा, म्हणजे १२८ ओळींपुरता. काही कंपन्यांच्या ४१६४ ला २५६ ओळींचा रिफ्रेश लागतो. म्हणून १२८ वाली शोधलेली बरी. वेगाचं सोपं आहे: २०० नॅनोसेकंदांच्या जागी १५० ची चालते, उलट करू नये.

तुमच्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा १९८६ चा डीबी स्पेक्ट्रम प्लस असेल तर तो मुळातच ४८के. पण त्यातली एखादी चिप गेली तर बदली शोधताना हेच सगळं बघावं लागेल.

चिपा बसवल्या आणि टाइप केलं: पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. आधी ३२७६७ यायचं, आता ६५५३५ आलं. काकांनी कॅसेट लावली. टेपला बुरशी, कोकणातले चाळीस पावसाळे! ती साफ करायचं काम सध्या चालू आहे.