सरकारी आरोग्य योजनेची बिले आणि मालतपासणी

कापडाच्या व्यापारात माल आला की आम्ही तागा उलगडतो, मीटर मोजतो, डाग पाहतो आणि मगच बिल पास करतो. सरकारी आरोग्य योजनेत सरकार हे गिऱ्हाईक, इस्पितळ हे माल देणारे, पण माल मिळतो तिसऱ्यालाच, म्हणजे रुग्णाला. बिल किती झाले हे त्याला बहुधा माहीतही नसते. सारी गोम इथेच आहे.

23 सप्टेंबर 2018 रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. दरवर्षी प्रत्येक कुटुंबास 5 लाख रुपयांपर्यंत उपचार. इस्पितळास प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरलेला दर मिळतो. आधी मंजुरी घ्यायची, रुग्ण घरी गेला की कागद पाठवायचे, छाननी झाली की पैसे. व्यवस्था कागदावर चांगली आहे. परंतु ऑगस्ट 2023 मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला आणि चोपडी उघडी पडली. 7 लाख 49 हजार 820 लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल क्रमांक, सगळे नऊच नऊ! आधी मृत दाखविलेल्या 3,446 रुग्णांच्या नावे पुढे उपचार दाखवून 6 कोटी 97 लाख रुपये दिले गेले. मोबाईल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी खात्यात असा क्रमांक लिहिणाऱ्या मुनिमास आम्ही दुसऱ्या दिवशी गादीवर बसू दिले नसते.

मात्र प्रत्येक विसंगती ही चोरी नव्हे. त्याच अहवालात 48,387 रुग्ण असे निघाले, की एका इस्पितळातून सुटण्याआधीच त्यांची दुसरीकडे भरती दिसते. त्यावर उत्तर असे, की बाळ एका ठिकाणी जन्मते, दुसऱ्या इस्पितळात हलविले जाते, आणि कार्ड आईचेच चालते. अशी बिले सरसकट अडवली तर मार कोणाला बसेल? इस्पितळाचे पैसे थकले की ते पुढच्या वेळी "खाट शिल्लक नाही" म्हणते, आणि यंत्रमागावरचा मजूर बायकोचे दागिने घेऊन सावकाराकडे जातो.

अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत 1983 पासून आजारागणिक ठरीव दर आला. 2005 मध्ये, प्रथम प्रयोग म्हणून, जादा गेलेली रक्कम शोधण्यास खासगी कंपन्या नेमल्या. त्यांचा मेहनताना काय, तर सापडलेल्या रकमेवर टक्केवारी! दलाली अशी ठरली की दलालास प्रत्येक ताग्यात डाग दिसणारच. इस्पितळांनी अपिलांचा ढीग लावला. अखेर 2014 मध्ये सरकारने अडकलेल्या दाव्यांवर रुपयामागे 68 पैसे घेऊन तंटा मिटवा, असा प्रस्ताव दिला. व्यापारात याला आम्ही तडजोड म्हणतो, तपासणी नव्हे.

तेव्हा तपासनीसास पगार असावा, टक्का नसावा. स्वच्छ बिल मुदतीत चुकते व्हावे, संशयित तेवढेच बाजूला काढावे. आणि मुख्य म्हणजे रुग्णास घरी जाताना त्याच्या भाषेत एक पावती मिळावी: कोणता उपचार, किती दिवस, किती रक्कम. माल ज्याच्या घरी गेला त्याचीच सही चलनावर हवी.

आमच्या व्यापारी बांधवांनी आपल्या कामगारांना एवढे जरूर सांगावे, की योजनेतील मंजूर उपचारासाठी इस्पितळाने वेगळे पैसे मागितले तर देण्याआधी 14555 या क्रमांकावर विचारावे.