मागचं पुढे

तक्सिम चौकातून इस्तिकलाल रस्त्याला लागलं की ती डोकी दिसायला लागतात. पूर्ण भादरलेली, पुढच्या भागावर लाल ठिपके, कपाळावर काळी पट्टी, मानेभोवती प्रवासातली उशी. सिमीटचा तुकडा मोडत, जुन्या लाल ट्रामचे फोटो काढत ही माणसं निवांत फिरत असतात आणि इस्तंबूलमध्ये कुणी वळूनही पाहत नाही. असं डोकं घेऊन कुणी पुण्यात लक्ष्मी रोडवर आला असता, तर चार जणांनी थांबवून अपघात कुठे झाला ते विचारलं असतं.

"उद्या मी यांच्यातला एक," भाचा म्हणाला. वय 29, लंडनला सॉफ्टवेअरमध्ये, फेब्रुवारीत साखरपुडा. मी सोबतीला आणि हिशेबाला. आधी पिंपरीत आणि नंतर लंडनजवळ स्लाउमध्ये, आयुष्यभर मी कॉस्टिंगच केलं. त्यामुळे घरात कुणाचं काहीही मोठं निघालं की तक्ता माझ्याकडे येतो.

लंडनच्या डॉक्टरने केशरोपणाचे 7,200 पौंड सांगितले होते. इस्तंबूलचं पॅकेज 1,950 पौंडांचं. त्यात तीन रात्री हॉटेल, विमानतळावरून काळी व्हॅन, दुभाषी, औषधं आणि डोकं धुवायचा शॅम्पूसुद्धा. असा फरक दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात काय धरलेलं नाही? मग रकाने वाढत गेले. दोघांची विमानतिकिटं. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा, तोही ब्रिटनचं वास्तव्यपत्र असल्यामुळे सहज मिळालेला. दहा दिवसांची रजा. नंतरच्या वर्षभराची औषधं. काही बिनसलं तर दुसरी फेरी. प्रवासविम्याचे नियम वाचले, तर ठरवून करून घेतलेल्या उपचारांतून उद्भवणारं काहीच त्यात बसत नव्हतं. ब्रिटनचं जे आरोग्यकार्ड युरोपात चालतं, ते तुर्कस्तानात चालत नाही. परत आल्यावर जंतुसंसर्ग झाला तर ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस बघेल. केसांची रेघ वाकडी आली म्हणून बघणार नाही. सगळं धरून आकडा 3,300 च्या आसपास गेला. तरीही निम्म्याहून कमी. स्वस्ताईचं कारणही सरळ आहे. तिथले पगार आणि भाडी लंडनच्या मानाने कमी, लिरा वर्षानुवर्षं घसरतोय, आणि एकेका क्लिनिकात रोज एवढी डोकी येतात की हात बसलेले आहेत.

पैशांचा हिशेब असा बसला. पण तक्त्यात एक रकाना राहून गेला होता, आणि तो मला शस्त्रक्रियेच्या सकाळी सापडला.

या कामात नवा केस एकही तयार होत नाही. मागचा उचलून पुढे लावतात, एवढंच. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातली केसांची मुळं टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत, आणि जागा बदलली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात हे दाखवून दिलं, तेव्हापासून हा सगळा धंदा उभा आहे. पण हा मागचा पट्टा म्हणजे एकदाच मिळालेली ठेव. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात काढण्याजोगे ग्राफ्ट, म्हणजे मुळांचे पुंजके, पाच-सहा हजारांच्या घरात, काहींचे त्याहूनही कमी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. आणि एकोणतिसाव्या वर्षी टक्कल कुठे थांबणार, हे कुणाला ठाऊक? आमच्या वडिलांचं साठीत कानांपुरतं उरलं होतं. तो फोटो मी मोबाइलवर सोबतच नेला होता.

क्लिनिकांच्या जाहिराती मात्र "जास्तीत जास्त ग्राफ्ट, किंमत एकच" अशा. म्हणजे अनलिमिटेड थाळी. माणूस मग दोन पुऱ्या जास्तच खातो. इथे त्या स्वतःच्याच घरातल्या आहेत हे लक्षात येत नाही.

भाच्याने निवड करताना तीन प्रश्न पाठवले होते. मुळं कोण काढणार, ती लावायला चिरा कोण पाडणार, त्या दिवशी डॉक्टरांकडे किती रुग्ण? दोन ठिकाणांहून उत्तराऐवजी सवलत आली: आज बुक केलंत तर शंभर युरो कमी. तिसऱ्याने नीट लिहिलं. चिरा डॉक्टर पाडतील, काढणं-लावणं त्यांच्या देखरेखीखाली तंत्रज्ञ करतील, दिवसाला दोन रुग्ण. हा प्रश्न क्षुल्लक नाही. डॉक्टर दाखवायचा आणि हत्यार भलत्याच्याच हाती द्यायचं, या प्रकाराविरुद्ध केशरोपण सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना मोहीम चालवते. आणि आपण तुर्कांना नावं ठेवायला नकोत. आपल्याकडेही 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहावं लागलं, की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून केशरोपण शिकता येत नाही. लिहावं लागलं म्हणजे काय चाललं असेल!

शिश्ली भागातलं क्लिनिक, सकाळी आठ. आधी संमतिपत्र, आठ पानांचं, आणि त्याच टेबलावर उरलेली रक्कम, रोखीत. परतीचं तिकीट खिशात आणि डोकं भादरायला मशीन तयार असताना कोण आठ पानं वाचतो? मी वाचली. दुभाषी मुलगी घड्याळाकडे बघत राहिली.

मग डॉक्टर आले. भिंगाचा कॅमेरा मागच्या केसांवर टेकवला आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती पुंजके आहेत ते पडद्यावर मोजलं. फोटो बघून व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेला आकडा 4,500 होता. डॉक्टर म्हणाले, "2,800. त्यापेक्षा जास्त मी काढणार नाही." मी वडिलांचा, म्हणजे भाच्याच्या आजोबांचा, फोटो पुढे केला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि पेन्सिलीने आखलेली कपाळावरची रेघ पुसून बोटभर वर सरकवली.

भाच्याचा चेहरा पडला. "मावशी, पैसे तेवढेच आणि माल कमी."

"माल तुझाच आहे रे," मी म्हटलं. "ते काढत नाहीयेत, तो तुझ्याकडेच राहतोय." त्याला ते पटलं असं म्हणवत नाही. अंगात गाऊन होता आणि भांडायची वेळ टळून गेली होती.

टोपी, मास्क चढवून मला थोडा वेळ आत बसू दिलं. सगळ्यात दुखतं ते सुरुवातीला, बधिर करायच्या सुया टोचताना. मागे आणि कपाळावर. भाचा बटाट्यासारखा पालथा, तोंड उशीच्या भोकात. मिलिमीटरहूनही बारीक तोंडाचं फिरतं पंच एकेका मुळाभोवती गोल फिरवायचं आणि दुसऱ्या बाईने दोन चिमट्यांनी ते उपसायचं. खोलीत तीन तंत्रज्ञ, तिघीही बायका, रेडिओवर गाणं. उपसलेली मुळं थंड सलाइनच्या बशीत, दहा-दहाच्या ओळीत. एका केसाची वेगळी, दोनांची वेगळी, तीनांची वेगळी. एकेरी पुढच्या रेघेसाठी, कारण कपाळाजवळ निसर्गात केस विरळच असतात. दाट केस तिथे लावले की बाहुलीचं डोकं दिसतं.

चिपळूणजवळच्या आमच्या गावची लावणी मला तिथे आठवली. तरवा उपटायचा, मुठी बांधायच्या, मुळं सुकायच्या आत चिखलात रोवायच्या. इथेही घाई त्याचीच असते. बाहेर राहिलेलं मूळ तासातासाला कमकुवत होतं. आणि इथेही कमरेत वाकून काम बायकांचंच. दुपारी डॉक्टरांनी चिरा पाडल्या, तासाभरात. प्रत्येक चिरेचा कोन ठरवावा लागतो, कारण केस उगवेल तो त्याच दिशेने. मग चार तास लावणं. त्यातली एक बाई मधेच उठून भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, मनगटं झटकली आणि परत बसली. तिला या 1,950 मधून किती मिळत असतील, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

संध्याकाळी हॉटेलखालच्या टपरीवर मी चहा घेतला. बिल मागताना तुर्की माणूस "हेसाप" म्हणतो. आपलाच हिशेब. त्यांनाही आणि आपल्यालाही तो अरबीतून आला.

तिसऱ्या दिवशी भाच्याचं कपाळ सुजून डोळ्यांवर उतरलं. हे होणार असं सांगितलं होतं, तरी रात्री दोन वाजता त्याने मला उठवलं. बारा दिवसांत खपल्या पडल्या. तीन आठवड्यांनी लावलेले केसही गळून पडले. मुळं आत राहतात, केस पुन्हा यायला तीन-चार महिने लागतात आणि पुरतं रूप दिसायला वर्ष. हे सगळं ठाऊक असूनही त्या जुलैमध्ये तो कुणाचा व्हिडिओ कॉल घेत नव्हता. क्लिनिकचा पाठपुरावा म्हणजे दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो पाठवायचे आणि उत्तरादाखल अंगठा यायचा.

दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो. पुढे बोटभर केस आले होते, थोडे राठ आणि कुरळे, पण आले होते. चुलतभावंडांना काहीच कळलं नाही. जिमला जातोस का, एवढंच त्यांनी विचारलं. नरकचतुर्दशीला पहाटे ताईने, त्याच्या आईने, त्याला पाटावर बसवून तेल लावायला घेतलं. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तळहाताने टाळूवर तेल जिरवलं, मग बोटं मागे मानेकडे गेली आणि तिथेच थांबली. पुन्हा एकदा फिरली.

"अरे, मागे पातळ झालेत का रे तुझे?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी उटण्याची वाटी पुढे सरकवली.